दिवाणखान्यातला संगणक
घरच्या घरी यंत्रे जुळविणाऱ्या हौशी मंडळींचे पूर्वसूरी म्हणजे कोनराड त्सूझे. १९१० साली बर्लिनमध्ये जन्मलेले त्सूझे स्थापत्य अभियंता होते. विमान कारखान्यातील रटाळ आकडेमोडीला विटून त्यांनी नोकरी सोडली आणि १९३६ मध्ये आई-वडिलांच्या दिवाणखान्यातच यंत्र उभारायला घेतले. मित्रांच्या मदतीने पत्रे कापून घडविलेले, शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालणारे ‘झेड-१’ १९३८ मध्ये पूर्ण झाले. पण त्याचे यांत्रिक भाग वारंवार अडकत. म्हणून पुढे त्यांनी २००० हून अधिक विद्युत रिले जोडून १९४१ मध्ये आज्ञावलीबरहुकूम चालणारे ‘झेड-३’ सिद्ध केले. महायुद्धातील बॉम्बवर्षावात दोन्ही यंत्रे नष्ट झाली. वयाच्या पंचाहत्तरीनंतर त्सूझेंनी ‘झेड-१’ पुन्हा बांधले. १९९५ मध्ये ते निवर्तले. ती प्रतिकृती बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात जतन केलेली आहे.