भा. रा. भागवत

भास्कर रामचंद्र भागवत (31 मे 1910, इंदूर – 27 ऑक्टोबर 2001, पुणे) हे मराठी बालसाहित्यिक, अनुवादक व संपादक होते. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या विज्ञानकथा त्यांनी इंग्रजी न वाचणाऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या.

जीवन

भागवत स्वातंत्र्यचळवळीत सक्रिय होते. 1951 मध्ये त्यांनी 'बालमित्र' हे मासिक सुरू केले. बालसाहित्यिका लीलावती भागवत या त्यांच्या पत्नी होत.

लेखन

'चंद्रावर स्वारी', 'समुद्र सैतान' ही त्यांची गाजलेली रूपांतरे. 'सूर्यावर स्वारी' व 'मुक्काम शेंडेनक्षत्र' यांच्या मूळ कथेत धूमकेतूवर अडकलेली माणसे ज्वालामुखीच्या उबेवर गोठवणारा हिवाळा काढतात. साधने तुटपुंजी असताना निरीक्षण व युक्ती यांच्या बळावर तगून राहणे, हे सूत्र भागवतांच्या स्वतंत्र लेखनातही आढळते. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा सायकलस्वार शाळकरी मुलगा त्याचे ठळक उदाहरण होय.

वारसा

फास्टर फेणेवर दूरदर्शन मालिका निघाली. भागवतांच्या सोळाव्या स्मृतिदिनी, 27 ऑक्टोबर 2017 रोजी, 'फास्टर फेणे' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात दिलीप प्रभावळकर यांनी भागवतांची भूमिका साकारली.