विश्लेषण : बेसबॉलपटू १५ एप्रिलला ४२ क्रमांकच का घालतात?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये दरवर्षी १५ एप्रिलला सर्व खेळाडू ४२ क्रमांकाची जर्सी घालतात. हा क्रमांक जॅकी रॉबिन्सन यांचा. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे शाळेत असताना त्यांनी चार खेळ गाजवले. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात लेफ्टनंट झाले. १९४४ मध्ये टेक्सासच्या कॅम्प हूड येथे बसचालकाने या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याला मागे बसायला सांगितले. त्यांनी नकार दिला. कोर्ट मार्शल झाले; त्यात ते निर्दोष सुटले. मात्र त्यांची रणगाडा तुकडी त्यांच्याविनाच युरोपला गेली. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळून त्यांनी मेजर लीगमधील वर्णबंदी मोडली. १९७२ मध्ये, ५३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९९७ मध्ये ४२ क्रमांक सर्व संघांतून निवृत्त करण्यात आला.