कामराज : वक्तृत्वावाचूनचे लोकनेतृत्व

आधुनिक तमिळ राजकारणाचा अभ्यास हा पुष्कळ अंशी तमिळ वक्तृत्वाचा अभ्यास ठरतो. द्रविड चळवळीने व्यासपीठाला साहित्याचे तेज दिले. अण्णादुराईंनी अनुप्रासयुक्त, प्राचीन काव्याचे संस्कार मिरविणारी अशी एक भाषणशैली घडविली की तिच्या प्रभावाने नाटक, चित्रपट आणि सभा यांमधील सीमारेषाच पुसट झाली. या वाग्वैभवाच्या काळात ज्याला अलंकारिक बोलणे कधी साधले नाही, असा एक अल्पशिक्षित माणूस साडेनऊ वर्षे मद्रास राज्याचा मुख्यमंत्री राहिला. कुमारस्वामी कामराज (१९०३–१९७५) यांचे चरित्र साहित्याच्या अभ्यासकालाही विचारप्रवृत्त करते ते या विरोधामुळे.

कामराजांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी विरुदुपट्टी, म्हणजे आजचे विरुदुनगर, येथे झाला. नाडार समाज मूळचा ताडी काढणाऱ्यांचा. मंदिरप्रवेशासाठी त्याने एकोणिसाव्या शतकात दीर्घ संघर्ष केला आणि १८९९ मध्ये शिवकाशीच्या दंगलीची झळही सोसली. विरुदुनगरच्या नाडार व्यापाऱ्यांनी स्वबळावर बाजारपेठ उभी केली आणि शाळाही काढली. घरोघरी बाजूला काढून ठेवलेल्या मूठ मूठ तांदळावर चालणारी क्षत्रिय विद्याशाला ही ती शाळा. कामराज तेथेच शिकले, परंतु लहानपणीच वडील वारले आणि बाराव्या वर्षाच्या आसपास शिक्षण सुटले. आई शिवकामी अम्माळ यांनी घर सावरले; मुलगा मामाच्या कापडाच्या दुकानात बसू लागला. मापाची काठी हातात घेऊन दिवसभर गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकणे, हीच त्यांची पहिली राजकीय शाळा असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

जालियनवाला बाग हत्याकांडाने हेलावलेला हा तरुण काँग्रेसकडे वळला. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. त्या काळी विरुदुनगरचे प्रतिष्ठित नाडार व्यापारी बहुतांशी जस्टिस पक्षाच्या बाजूचे होते. म्हणजे जातीचा आधार घेऊन कामराज नेते झाले नाहीत. स्वजातीतील धनिकांच्या विरोधातच त्यांना आपले गाव जिंकावे लागले. हाताशी पैसा नाही, इंग्रजी नाही, व्यासपीठ गाजविणारी वाणी नाही. उरली ती पायपीट. खेडोपाडी हिंडावे, कार्यकर्त्याच्या ओसरीवर मुक्काम करावा, तेथल्या तळ्यात पाणी आहे की नाही, गावात कोणाचे कोणाशी वैर आहे, हे कानांत साठवावे, असा त्यांचा क्रम होता. पुढे त्यांच्या स्मरणशक्तीच्या कथा तमिळनाडूत घरोघरी सांगितल्या जाऊ लागल्या. त्यांतील अलौकिकाचा भाग वगळला तरी एवढे उरते की मतदार हा त्यांच्या दृष्टीने जमाव नव्हता. त्याला गाव आणि नाव होते.

१९३० च्या वेदारण्यम मीठ सत्याग्रहात त्यांना पहिला कारावास घडला. त्यांच्या एकूण बंदिवासाची बेरीज सुमारे नऊ वर्षांची भरते. तुरुंगातच त्यांनी वाचनाने आपले अपुरे शिक्षण पुष्कळसे भरून काढले. १९३७ मध्ये ते सात्तूरहून मद्रास विधानसभेवर बिनविरोध निवडून आले. १९४० मध्ये राजाजींच्या पाठिंब्याच्या उमेदवाराला अगदी थोड्या मतांनी हरवून ते तमिळनाडू काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि त्यांचे राजकीय गुरू एस. सत्यमूर्ती त्यांच्या हाताखाली चिटणीस झाले. सत्यमूर्ती हे इंग्रजी व तमिळ या दोन्ही भाषांतील नामांकित वक्ते; शिष्य मात्र मितभाषी. गुरूने सभा जिंकाव्यात आणि शिष्याने सभेनंतर मागे राहून माणसे जोडावीत, अशी ही जोडी होती. १९४१ मध्ये तुरुंगात असतानाच कामराज विरुदुनगरच्या नगराध्यक्षपदी निवडले गेले; सुटका होताच त्यांनी ते पद सोडले.

१३ एप्रिल १९५४ रोजी ते मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते लोकसभेचे सदस्य होते. विधानसभेत येण्यासाठी त्यांनी निवडला तो उत्तर अर्काट भागातील गुडियात्तम मतदारसंघ. नाडारांची वस्ती मुख्यत्वे दक्षिणेकडील जिल्ह्यांत. तिच्यापासून हा प्रदेश बराच दूर. येथे पेरियार आणि द्रविड मुन्नेत्र कळघम यांची सहानुभूती त्यांना लाभली आणि ते विजयी झाले. मंत्रिमंडळ अवघे आठ जणांचे केले. नेतेपदाच्या निवडणुकीत जे त्यांच्याविरुद्ध उभे होते ते सी. सुब्रह्मण्यम, आणि ज्यांनी सुब्रह्मण्यम यांचे नाव सुचविले ते भक्तवत्सलम, अशा दोघांनाही त्यांनी सामावून घेतले. देवस्थानांचे खाते बी. परमेश्वरन या दलित मंत्र्याकडे सोपविले. ज्या समाजाला एके काळी देवळाच्या दारात अडविले गेले, त्यातून आलेल्या मुख्यमंत्र्याची ही निवड बरेच काही सांगून जाते.

राजाजींची १९५३ ची अर्धवेळ शाळेची योजना त्यांनी रद्द केली. शिक्षण संचालक ने. दु. सुंदरवडिवेलु यांच्या साहाय्याने शाळांचा विस्तार केला आणि १९५६ पासून शाळांतून दुपारचे जेवण सुरू केले. दौऱ्यात गाडी थांबवून त्यांनी गुरे राखणाऱ्या पोरांना शाळेत का जात नाही असे विचारले आणि त्यांच्या उत्तरातून ही योजना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, मूठ तांदळावर चाललेल्या शाळेत शिकलेल्या माणसाला भूक आणि अक्षर यांचे नाते निराळे शिकविण्याची गरज नव्हती. पुढे शाळा सुधार परिषदा भरवून गावोगावच्या लोकांकडून इमारती, बाके आणि गणवेश यांसाठी देणग्या घेतल्या गेल्या. लोकांकडे जायचे ते केवळ मत मागण्यासाठी नव्हे, तर त्यांना कामात भागीदार करून घेण्यासाठी, हे या संपर्काचे मर्म होते.

त्यांची भाषाही याच संपर्काला शोभणारी होती. बाजारात, शेतात बोलली जाणारी दक्षिणेची तमिळ तेच व्यासपीठावर बोलत. मागणी घेऊन आलेल्या माणसाला आश्वासनाऐवजी ‘पाहू या’ अशा अर्थाचा एकच शब्द ऐकायला मिळे. आणि तो शब्द म्हणजे काम होणार, असे लोक समजत. कवी कण्णदासन, कथाकार जयकांतन यांच्यासारखे शब्दप्रभू पुढे त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे लक्षणीय आहे.

२ ऑक्टोबर १९६३ रोजी पक्षकार्यासाठी पद सोडून त्यांनी स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी योजना आचरणात आणली. १९६४ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. शास्त्री आणि नंतर इंदिरा गांधी यांच्या निवडीत त्यांचा वाटा निर्णायक होता. परंतु दिल्लीतील या उंचीने विरुदुनगर दुरावले. १९६५ चे हिंदीविरोधी आंदोलन आणि त्या वेळचा गोळीबार, पाठोपाठ तांदळाची टंचाई, यांनी जनमत पेटले. १९६७ च्या निवडणुकीत द्र.मु.क.ने स्वस्त तांदळाचे आश्वासन दिले. विद्यार्थी आंदोलनातून आलेल्या पी. सीनिवासन यांनी कामराजांचा त्यांच्या जन्मगावी १२८५ मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत त्यांचे सहकारी स. का. पाटील यांना मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी हरविले.

व्यक्तिगत संपर्काच्या राजकारणाचा तो अंत होता काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. ज्या पिढीला कामराजांनी शाळेत आणले तीच पिढी आता भाषेच्या अस्मितेसाठी रस्त्यावर आली होती. अक्षराने तिला वर्तमानपत्र दिले, पत्रक दिले, आणि प्रश्न विचारण्याचे बळ दिले. ओळखीच्या मायेपेक्षा तिला प्रश्नाचे उत्तर अधिक मोलाचे वाटले. त्या उत्तराच्या वेळी नेता दिल्लीत होता आणि त्याचा पक्ष हिंदीच्या बाजूचा समजला जात होता. ओळख ही विचाराची जागा घेऊ शकत नाही, हा १९६७ चा धडा आहे. तरीही ती निष्फळ नसते, याचा पुरावा दोनच वर्षांनी मिळाला. १९६९ मध्ये नागरकोविलच्या लोकसभा पोटनिवडणुकीत कामराज मोठ्या मताधिक्याने निवडून आले. काँग्रेस फुटल्यानंतर, १९७१ च्या प्रतिकूल लाटेत, तमिळनाडूत संघटना काँग्रेसला लोकसभेची जी एकच जागा मिळाली ती त्यांचीच.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, मद्रासमध्ये भाड्याच्या घरात त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते, आणि मागे सांगण्याजोगी मालमत्ता नव्हती. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. तमिळ राजकारणाच्या वाङ्मयीन इतिहासात त्यांच्या नावावर एकही गाजलेले भाषण जमा नाही. तथापि, तो इतिहास वाचू शकणाऱ्या वाचकांची एक अख्खी पिढी मात्र त्यांच्या नावावर जमा आहे.