रमाबाईंनी दार बंद केलं नाही

आजचं वाचन : योहान ४:१-४२



आजच्या अध्यायातली शोमरोनी बाई भर दुपारी पाणी भरायला विहिरीवर येते. या अध्यायावर आपण असंख्य संदेश ऐकलेत. म्हणून आज मी त्याचा अर्थ सांगत बसणार नाही. हा अध्याय कानावर पडला आणि जिचं आयुष्य वळलं, अशा एका बाईबद्दल लिहिणार आहे. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक परिच्छेद असतो, चर्चमध्ये कधीतरी नाव निघतं, आणि आपल्याला वाटतं की आपल्याला त्या माहीत आहेत.

युथ मीटिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो : देवाची इच्छा कशी ओळखायची? प्रश्न खरा असतो. नोकरी बदलायची आहे, स्थळ आलंय, परदेशात ॲडमिशन मिळालीय, आणि आकाशातून काहीच आवाज येत नाही. रमाबाईंचं चरित्र मी या प्रश्नासाठी परत परत वाचतो. कारण त्यांनाही पुढचं काही दिसत नव्हतं.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरलं. रमाबाई आईकडून संस्कृत शिकल्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण, तिघंही गेले. अन्नावाचून गेले. राहिले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी चालत देशभर हिंडले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जात मोडून. मुलगी झाली, मनोरमा. आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती कॉलऱ्याने गेले.

तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी. हे एवढं भराभर सांगितलं, कारण मला जिथे थांबायचंय ते पुढे आहे. पण तो दुष्काळ लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

सिल्चरला पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं. तेव्हा ते वाचून आवडलं, एवढंच. १८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, इंग्रजी शिकायला लागल्या. मनात एक स्पष्ट योजना होती : इंग्लंडला जायचं, डॉक्टर व्हायचं, परत येऊन आपल्या बायकांची सेवा करायची. किती चांगली योजना! स्वार्थाचा लवलेश नाही. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं, त्याच्या विक्रीतून प्रवासाला पैसे उभे केले आणि १८८३ मध्ये मनोरमाला घेऊन बोटीत बसल्या.

आणि डॉक्टर व्हायचं दार बंद झालं. त्यांना ऐकू कमी येत होतं आणि ते वाढतच होतं. अशा माणसाला वैद्यकीचं शिक्षण शक्य नव्हतं. आपण अशा वेळी लगेच म्हणतो की ही देवाची इच्छा नव्हती, आणि विषय मिटवतो. मला ते फार सोपं वाटतं. सात समुद्र ओलांडून आलेल्या, घरदार नसलेल्या बाईला त्या दिवशी काय वाटलं असेल?

त्या वाँटेज या गावी एका अँग्लिकन भगिनीसंघाकडे उतरल्या होत्या. ख्रिस्ती व्हायचं नाही हे आधीच ठरवून गेल्या होत्या. सिस्टरांनी त्यांना एकदा लंडनमधल्या फुलहॅमला आपल्या दुसऱ्या केंद्रात पाठवलं. तिथे समाजाने ओवाळून टाकलेल्या, ज्यांना तेव्हा पतित म्हणत, अशा स्त्रियांना सांभाळत होते. नुसतं सांभाळत नव्हते, त्याच स्त्रिया पुढे दुसऱ्यांची सेवा करताना दिसत होत्या. रमाबाई शास्त्रं कोळून प्यायलेल्या. अशा बाईशी इतक्या मायेने वागणारं त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं की हे तुम्ही का करता. शिकवणाऱ्या सिस्टरने उत्तरादाखल हाच अध्याय काढला, आज आपण वाचला तो. विहिरीवरची बाई, आणि तिच्याशी बोलत बसलेला येशू. मग फादर नीलकंठ गोऱ्हे यांच्याशी पत्रव्यवहार झाला, त्यांनी बऱ्याच शंका फेडल्या. (गोऱ्हे स्वतः मराठी ब्राह्मण, काशीचे शास्त्री. देव कुठून कोणाला जोडतो!) २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

इथे पुष्कळ साक्षी संपतात. रमाबाईंचं खरं अवघड इथून सुरू होतं.

त्यांच्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डिनना, वाटायचं की नव्या विश्वासणाऱ्या मुलीने निमूटपणे ऐकावं. रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवत आणि स्वतःही शिकत होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. भारतात हे बरं दिसणार नाही म्हणे! ज्या बाईने कलकत्त्यात भरसभेत पंडितांना उत्तरं दिली होती, तिला हे सांगितलं जात होतं. चर्चची काही शिकवणही रमाबाईंना पटेना. त्रैक्याबद्दल त्यांचे प्रश्न होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. त्या काळातला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. वाचताना कधी कधी मलाच धडधडतं, इतकं त्या स्पष्ट लिहितात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पुरोहितांच्या हुकुमाखालून मी मोठ्या कष्टाने बाहेर पडले, आता दुसऱ्या कोणाच्या शब्दाला देवाचा शब्द समजून मान तुकवणार नाही. देवाने मला सदसद्विवेक दिलाय.

आता खरं सांगा, आपल्या चर्चमध्ये कोणी असं बोललं तर आपण काय म्हणू? अहंकारी. बंडखोर. आज्ञाधारक नाही. सिस्टरही तसंच म्हणाल्या. आणि मला वाटतं आजचं सगळ्यात अवघड इथेच आहे. देवाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं ऐकणं आणि देवाचं ऐकणं, या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच वाटेने जातात, पण एकच नाहीत. वडीलधाऱ्यांचं काहीच ऐकू नका असं मी म्हणत नाही. रमाबाईंनीही सिस्टरांशी नातं तोडलं नाही, पत्रं लिहीत राहिल्या. पण निर्णय गुडघ्यावर बसून, शास्त्र उघडून, स्वतः घेतला, आणि त्याची किंमतही स्वतः भरली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथेच दोन-अडीच वर्षं राहिल्या. व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली, दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. बालविधवांसाठी शाळा आणि घर. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी.

अट अशी होती की तिथे धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. रमाबाईंनी ते मान्य केलं आणि पाळलं. पण स्वतःच्या खोलीत त्या रोज सकाळी मनोरमाला घेऊन शास्त्र वाचत, प्रार्थना करत, आणि खोलीचं दार उघडं असे. हळूहळू काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं. कोणाला हाकललंही नाही.

१८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं. केसरीने झोडपलं. सल्लागार मंडळातले रानडे आणि भांडारकर बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. मला इथे दुसरी बाजूही समजते. त्या काळात विधवा मुलीला घराबाहेर पाठवणं हेच मोठं धाडस होतं, ते धर्मात ढवळाढवळ होणार नाही या भरवशावर केलेलं. त्यांची धास्ती खोटी नव्हती. पण रमाबाईंपुढे प्रश्न एवढाच होता : सदन वाचवायचं म्हणून दार लावून घ्यायचं का? एका दाराचा तर प्रश्न! आतून कडी घातली असती की प्रतिष्ठित मंडळी राहिली असती, मुली राहिल्या असत्या, काम चालू राहिलं असतं. कामही देवाचंच होतं ना?

दार उघडंच राहिलं.

यात एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला फार दिलासा देते. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं रमाबाईंना वाटत होतं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, पण ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका पाळकाचं आत्मचरित्र वाचताना त्यांना जाणवलं की तारण आपण कमवायचं नसतं, ते येशूच्या हातून घ्यायचं असतं. म्हणजे अमेरिकेतली व्याख्यानं, सदनाचा पाया, हे सगळं त्यांनी आतली शांती मिळायच्या आधी केलं. आपण म्हणतो आधी मनात शांती येऊ दे, मग पाऊल टाकतो. त्यांच्या बाबतीत पावलं आधी पडली.

१८९६. लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं शिबिर होतं. रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या, प्रभूवर विश्वास ठेवलेल्या. तिथे पहाटे प्रार्थना करताना त्यांनी या संख्येचा वर्ग मागितला. पंधरा पंधरे सव्वादोनशे. गणिती प्रार्थना! मला हसू येतं, पण त्या हसत नव्हत्या. सदनात तेव्हा सगळ्या मिळूनही इतक्या मुली नव्हत्या.

त्याच वर्षाच्या शेवटी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळ म्हटल्यावर रमाबाईंना काय आठवलं असेल ते तुम्हीच समजा. भुकेने आई डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली होती. हाताशी पैसा पुरेसा नव्हता, जागाही नव्हती. तरी निघाल्या. छावण्यांमधून, रस्त्यांवरून सांगाडे झालेल्या मुली गोळा करून आणू लागल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात एवढ्या जणींना ठेवायला परवानगी मिळेना. तेव्हा त्यांना केडगावला नेलं. तिथे सदनाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून आधीच जमीन घेऊन फळबाग लावली होती. संत्र्या-आंब्यांसाठी घेतलेली जमीन, तिथे तंबू ठोकून मुली राहिल्या. तीनशेच्या आसपास. मुक्तीची ही सुरुवात. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत दोन हजारांच्या जवळ माणसं झाली. तिथेच कृपा सदन निघालं, फुलहॅमला पाहिलं होतं तशा स्त्रियांसाठी. योहान ४ ऐकून सुमारे पंधरा वर्षं झाली होती.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर केडगाव स्टेशन लागतं. मुक्तीचं काम अजून चालू आहे.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठं संजीवन झालं, त्याविषयी पुष्कळांनी लिहिलंय, मी थांबत नाही. मला शेवटचं काम जास्त जवळचं वाटतं. उपलब्ध मराठी शास्त्र साध्या बायकांना कळत नाही, असं रमाबाईंना दिसलं. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. संस्कृतच्या सरस्वतीने जड संस्कृत शब्द एकेक करून बाजूला ठेवले. मुक्तीचाच छापखाना, खिळे जुळवणाऱ्या मुक्तीच्याच मुली. कान जवळपास गेलेले. वर्षानुवर्षं हे चाललं.

मनोरमा पुढे सगळं सांभाळणार, हे गृहीत होतं. शिक्षण घेऊन आली होती, शाळा चालवत होती. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. चाळीशीच. आईच्या आधी.

ही देवाची इच्छा का होती, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि रमाबाईंनीही ते कोणाला समजावून सांगत बसण्यात दिवस घालवले नाहीत. प्रुफं यायची होती. त्या तपासत राहिल्या. ती संपली, आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्या प्रभूकडे गेल्या. छापलेलं संपूर्ण शास्त्र बाहेर आलं १९२४ मध्ये. त्यांनी ते बांधलेलं पाहिलं नाही.

उद्याचं वाचन : योहान ५:१-१८