रे मायर : साहाय्यकाच्या जागेवर घडलेला प्रशिक्षक

धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका निघते तेव्हा प्रमुख धर्मगुरूंची छायाचित्रे पहिल्या पानांवर असतात. साहाय्यक धर्मगुरूंची नावे शेवटच्या यादीत येतात आणि कधी कधी तीही राहून जातात. गायनमंडळात, शाळेत, विन्सेंट डी पॉल संस्थेच्या कामात हाच अनुभव येतो. पुढे उभा असलेला लक्षात राहतो. त्याच्या मागे राहून काम सांभाळणारा विस्मृतीत जातो. या मागच्या जागेचे मोल किती, हा प्रश्न आम्हांला अनेकदा पडला आहे. त्या संदर्भात अमेरिकेतील एका कॅथोलिक बास्केटबॉल प्रशिक्षकाचे जीवन आम्हांला विशेष बोधप्रद वाटते. त्यांचे नाव रेमंड जोसेफ मायर. शिकागो शहर त्यांना रे मायर याच नावाने ओळखत असे.

रे मायर यांचा जन्म १८ डिसेंबर १९१३ रोजी शिकागो येथे झाला. घर श्रद्धाळू कॅथोलिक होते. आपण धर्मगुरू व्हावे, असा विचार या मुलाच्या मनात होता. त्यासाठी तो शिकागो महाधर्मप्रांताच्या क्विग्ली पूर्वतयारी सेमिनरीत दाखल झाला. परंतु आपले पाचारण निराळे आहे, हे त्याच्या लवकरच ध्यानात आले. सेमिनरी सोडून तो सेंट पॅट्रिक अकॅडमी या शाळेत गेला. त्या काळी शिकागोच्या लोयोला विद्यापीठात, येशूसंघीय धर्मगुरूंच्या पुढाकाराने, देशभरातील कॅथोलिक शाळांची बास्केटबॉल स्पर्धा भरत असे. १९३२ साली सेंट पॅट्रिकच्या संघाने ती स्पर्धा जिंकली. त्या संघात रे मायर खेळत होते.

सेमिनरीतून परतलेल्या मुलाकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो, हे आपल्या कुटुंबांना ठाऊक आहे. जणू काही हाती घेतलेले काम अर्धवट टाकून तो आला, अशी कुजबुज होते. मायर यांच्या पुढील आयुष्याकडे पाहता आम्हांला असे म्हणावेसे वाटते की, सेवेची ओढ त्यांनी सेमिनरीत ठेवून दिली नाही. ती सोबत घेऊनच ते बाहेर पडले. तरुणपणी त्यांनी पॅरिशमधील मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकविण्याचे काम पत्करले. त्याच संघात खेळणाऱ्या मार्ज डिलेनी पुढे त्यांच्या सहचारिणी झाल्या. १९३९ साली त्यांचा विवाह झाला आणि परमेश्वराने या दांपत्याला सहा अपत्ये दिली.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी मायर इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठात गेले. होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी १८४२ साली स्थापन केलेले हे विद्यापीठ अमेरिकन कॅथोलिकांच्या अभिमानाचे स्थान आहे. तेथील बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक जॉर्ज किओगन हे करड्या शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली मायर घडले आणि शेवटच्या दोन हंगामांत त्यांनी संघाचे नेतृत्वही केले. १९३८ साली पदवी घेऊन ते बाहेर पडले तेव्हा अमेरिका आर्थिक मंदीतून जात होती. शिकागोत त्यांनी समाजसेवकाची नोकरी धरली. गरजू कुटुंबांच्या दारी जाऊन त्यांची विचारपूस करायची आणि त्यांना मदत मिळवून द्यायची, असे ते काम होते.

पुढे १९४०–४१ च्या हंगामात किओगन हृदयविकाराने आजारी पडले. वैद्यांनी त्यांना विश्रांती सांगितली. संघ तर मध्येच सोडून देता येत नव्हता. तेव्हा विद्यापीठाला आपला जुना कर्णधार आठवला आणि सत्तावीस वर्षांचे मायर साहाय्यक प्रशिक्षक झाले.

साहाय्यक प्रशिक्षकाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. मुख्य प्रशिक्षक डावपेच ठरवतो, खेळाडूंची निवड करतो आणि सामन्यानंतर लोकांपुढे उत्तर देतो. साहाय्यक सराव घेतो, प्रतिस्पर्धी संघाचा खेळ बारकाईने पाहून येतो, अमुक खेळाडूचा पाय कोठे चुकतो ते हेरतो, आणि रागावलेल्या किंवा खचलेल्या मुलाला बाजूला घेऊन धीर देतो. त्याला स्वतःचे मत असते. पण निर्णय दुसऱ्याचा असतो. मायर यांच्या वाट्याला तर याहून नाजूक जबाबदारी आली. किओगन अंथरुणावर असताना संघ प्रत्यक्षात मायर यांच्या हाती होता. परंतु तो किओगन यांचाच संघ होता. तरुण रक्ताला अशा वेळी मोह होतो. गुरूची पद्धत मोडून आपली पद्धत आणावी, आपण काय करू शकतो ते जगाला दाखवावे, असे वाटते. मायर यांनी आपल्या गुरूचा संघ गुरूच्या पद्धतीने सांभाळला आणि किओगन परतले तेव्हा त्यांची जागा त्यांना मोकळी करून दिली.

क्रीडाविषयक नोंदी या बाबतीत फार कठोर असतात. मायर यांच्या नावापुढे पुढे ७२४ विजय लिहिले गेले. ते सर्व त्यांनी नंतर मुख्य प्रशिक्षक म्हणून मिळवलेले आहेत. नोटर डेममध्ये आजारी गुरूच्या जागी उभे राहून त्यांनी जे सामने हाताळले, त्यांतील एकही त्या आकड्यात नाही. निर्गमाच्या पुस्तकात मोशेचे हात थकून खाली येऊ लागले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरून ठेवले. विजय इस्राएलचा झाला. हात मोशेचे होते. अहरोन आणि हूर यांचा वाटा मात्र परमेश्वराच्या नजरेतून सुटला नाही. मायर यांच्या त्या दिवसांविषयी आम्हांला हेच आठवते.

एप्रिल १९४२ मध्ये शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाने मायर यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलाविले. संत विन्सेंट डी पॉल यांच्या अनुयायी धर्मगुरूंनी १८९८ साली स्थापन केलेल्या या संस्थेत शहरातील सामान्य घरांतील मुले शिकत. तेथे मायर यांना एक उंच, चष्मा लावणारा, अवघडल्यासारखा चालणारा विद्यार्थी भेटला. त्याचे नाव जॉर्ज माइकन. उंची ६ फूट १० इंच. तोही एके काळी धर्मगुरू होण्यासाठी क्विग्ली सेमिनरीत राहिलेला होता. नोटर डेमच्या संघात प्रवेश मिळावा म्हणून तो प्रयत्न करून आला होता. परंतु किओगन यांनी त्याला घेतले नाही.

गुरूने नाकारलेला हा मुलगा शिष्याने पदरी घेतला. माइकनच्या हालचालींत चपळाई यावी म्हणून मायर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावले, मुष्टियुद्धातील हातवारे करायला लावले, एवढेच नव्हे तर नृत्याचे धडेही घ्यायला लावले. बास्केटखाली उभे राहून एकदा उजव्या आणि एकदा डाव्या हाताने चेंडू टाकण्याचा सराव तो रोज शेकडो वेळा करीत असे. तो सराव आजही माइकनच्या नावाने जगभर शिकविला जातो. १९४३ साली डीपॉलचा संघ राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला. १९४५ साली त्याने न्यूयॉर्कची मानाची निमंत्रितांची स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेतील एका सामन्यात एकट्या माइकनने ५३ गुण मिळविले. पुढे १९५० साली पत्रकारांनी माइकनची अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू म्हणून निवड केली. सराव घेणे, चूक हेरणे, धीर देणे ही साहाय्यकाची कामे मायर यांनी मुख्य प्रशिक्षक झाल्यावरही सोडली नव्हती, हेच यातून दिसते.

त्यानंतरची वाट चढाची होती. माइकन गेल्यावर डीपॉलला तसा खेळाडू लाभला नाही. मोठी विद्यापीठे पैसा, वसतिगृहे आणि भव्य क्रीडागृहे यांच्या बळावर पुढे गेली. मायर मात्र डीपॉलमध्येच राहिले. उन्हाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातील थ्री लेक्स येथे ते मुलांसाठी शिबिर चालवीत. त्यांची पत्नी व मुलेही त्या कामात रमत. १९७०–७१ च्या हंगामात संघाने केवळ ८ सामने जिंकले आणि १७ गमावले. मायर यांचा काळ संपला, असे अनेकांना वाटू लागले.

याच पडत्या काळात, १९७३ साली, त्यांचे पुत्र जोई मायर साहाय्यक प्रशिक्षक म्हणून त्यांच्याशेजारी येऊन बसले. जोई याच संघातून खेळलेले होते. बत्तीस वर्षांपूर्वी रे मायर ज्या जागेवर होते, तीच जागा आता मुलाकडे आली. शिकागोच्या वस्त्यांमध्ये फिरून गुणी मुले शोधणे, त्यांच्या पालकांशी बोलणे, त्यांना डीपॉलकडे आणणे हे काम जोई यांनी केले. त्या प्रयत्नांतून मार्क अग्वायर यांच्यासारखा खेळाडू संघाला मिळाला. १९७९ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, रे मायर पुन्हा राष्ट्रीय उपांत्य सामन्यात उभे राहिले. लॅरी बर्ड यांच्या इंडियाना स्टेट संघाकडून डीपॉल ७४ विरुद्ध ७६ असा केवळ दोन गुणांनी हरला. त्याच वर्षी मायर यांचा समावेश बास्केटबॉलच्या राष्ट्रीय गौरवदालनात झाला. वृत्तपत्रांतून वृद्ध प्रशिक्षकाचे कौतुक झाले. ते रास्तच होते. पण त्या यशामागे शेजारी बसलेल्या साहाय्यकाचे पायही झिजले होते.

येथे आम्हांला एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. रे मायर यांनी राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेचे अजिंक्यपद कधीही मिळविले नाही. १९८० साली त्यांचा संघ सलग २५ सामने जिंकून अपराजित होता. तो विजयरथ अडविला तो नोटर डेमनेच, त्यांच्या स्वतःच्या मातृसंस्थेने. १९८०, १९८१ आणि १९८२ या तिन्ही वर्षी डीपॉलला आपल्या विभागात पहिले मानांकन होते आणि तिन्ही वर्षी तो राष्ट्रीय स्पर्धेतील आपला पहिलाच सामना हरला. १९८१ चा पराभव तर ४८ विरुद्ध ४९ असा एका गुणाचा होता. १९८४ साली त्यांच्या कारकिर्दीतील शेवटचा सामनाही जादा वेळेत दोन गुणांनी हातचा गेला. ४२ वर्षे, ७२४ विजय, ३५४ पराभव आणि तरीही तो एक चषक नाही. यशाचे मोजमाप चषकानेच करायचे असेल, तर हे आयुष्य अपुरे म्हणावे लागेल.

निवृत्तीनंतर मुख्य प्रशिक्षकाची जागा जोई यांच्याकडे आली. पित्याने नभोवाणीवर संघाच्या सामन्यांचे समालोचन केले आणि विद्यापीठासाठी निधी उभारण्याचे काम हाती घेतले. ज्या संघाचे ते चार दशके सर्वेसर्वा होते, त्याच संघाचे ते पुन्हा साहाय्यक झाले. आपल्या जागी दुसरा बसलेला पाहून मनोभावे राबणे हे मोठ्या माणसालाच जमते, मग तो दुसरा आपला मुलगा का असेना.

हा अध्यायही सुखान्त नव्हता. १९९६–९७ च्या हंगामात संघाने ३ सामने जिंकले आणि २३ गमावले. जोई यांना पदावरून दूर करण्यात आले. त्र्याऐंशी वर्षांच्या पित्याने व्यथित होऊन विद्यापीठातील आपले काम सोडले. त्यांनी तसे करावयास हवे होते की नाही, याचा निवाडा आम्ही करणार नाही. पित्याचे हृदय दुखावले, इतकेच आम्हांला समजते. आपली सारी हयात ज्या संस्थेला दिली तिच्याकडूनच घाव बसतो, तेव्हा तो अधिक खोल जातो, याचा अनुभव धर्मग्रामांत आणि शाळांत निष्ठेने सेवा केलेल्या कितीतरी जणांनी घेतला आहे. १९९९ साली विद्यापीठात उभ्या राहिलेल्या क्रीडा व व्यायाम केंद्राला रे मायर यांचे नाव देण्यात आले.

मार्ज मायर १९८५ साली, पतीच्या निवृत्तीनंतर वर्षभरातच निवर्तल्या. रे मायर यांनी १७ मार्च २००६ रोजी वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी देह ठेवला. तो संत पॅट्रिक यांच्या सणाचा दिवस होता. ज्या शाळेत त्यांच्या हाती चेंडू स्थिरावला, ती शाळा याच संतांच्या नावाची. उपवासकाळ सुरू होता आणि आयुष्यभर हुलकावणी देणाऱ्या त्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीचे सामने त्याच दिवशी खेळले जात होते. जोई मायर यांचेही २०२३ च्या डिसेंबरमध्ये निधन झाले.

रे मायर यांचे मोठेपण आम्ही त्या ७२४ विजयांत शोधत नाही. आजारी गुरूची जागा राखणारा तरुण, नाकारलेल्या मुलाला घडविणारा शिक्षक आणि स्वतःची जागा मुलाला देऊन त्याच्या मागे उभा राहिलेला वृद्ध, या तीन रूपांत ते आम्हांला भेटतात. या तिन्ही रूपांची मुळे नोटर डेममधील त्या दोन हंगामांत आहेत, ज्यांची नोंद त्यांच्या नावावर नाही.

आपल्या धर्मग्रामातही असे साहाय्यक आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांची हजेरी घेणारे, मिस्सापूर्वी वेदीची तयारी करणारे, आजाऱ्यांना भेटी देणारे. पुढच्या स्मरणिकेची यादी तयार करताना त्यांची नावे एकदा काळजीपूर्वक तपासून पाहावीत, अशी आमची नम्र विनंती आहे. आणि जे आज कोणाच्या तरी मागे उभे राहून काम सांभाळीत आहेत, त्यांनी आपली जागा दुय्यम मानू नये. नाझरेथच्या सुतारशाळेत मूकपणे राबलेल्या संत योसेफांचा आशीर्वाद त्यांच्या पाठीशी आहे.