७८८ तळ्यांचा हिशेब

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन येतो. सरकारी कचेऱ्यांतून आणि कॉलेजांतून डोक्याला म्हैसुरी फेटा, अंगात कडक कोट अशा एका तसबिरीला हार पडतो. मग रुळांचा आवाज ऐकून आगगाडी थांबवल्याची गोष्ट, सरकारी मेणबत्ती विझवून घरची पेटवल्याची गोष्ट, आणि शेवटी चहा-बटाटावडा. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या या गोष्टी खऱ्या असोत वा नसोत, मला त्यांची सर्वांत आवडते ती गोष्ट एका आकड्याची आहे. जन्म बँकेत आकड्यांच्या संगतीत गेला, त्यामुळे असेल कदाचित.

जन्म १८६१ चा, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील लहानपणीच गेले. पोराने बंगळूरला शिकवण्या करून शिक्षण रेटले, १८८१ मध्ये बी.ए. झाला आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाला. १८८३ च्या परीक्षेत पहिला नंबर, आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी, नेमणूक नाशिकला. म्हणजे माणूस कन्नड मुलखातला खरा, पण इंजिनिअर म्हणून घडला तो आपल्याच नाशिक-खानदेश-पुण्याच्या मातीत. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळींत त्यांची ऊठबस होती, हे फार थोड्यांना आठवते.

सुरुवातीच्या कामांपैकी एक धुळ्याकडचे. पांझरेला मिळणाऱ्या पाण्याखालून नळ पलीकडे न्यायचा, ज्याला सायफन म्हणतात तो. भर पावसाळ्यात प्रवाह फुगलेला, सामान वाहून जायची भीती, आणि वरिष्ठांना काम हवे वेळेत. ते पुरे झाले. पुढे सिंधमध्ये सक्करला शहराच्या पाण्याची योजना, नीरा कालव्यावर पाणी वाटून देण्याची ब्लॉक पद्धत, आणि १९०३ च्या सुमारास खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे. या सगळ्या कामांत एक सूत्र दिसते. आधी मोजायचे, मग लिहायचे, आणि खोदायचे त्यानंतर.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मुंबई इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर झाले. गावोगावची पाणीपुरवठ्याची आणि गटारांची कामे त्यांच्या टेबलावर येऊ लागली. थेट एडनच्या वसाहतीचे पाणी आणि सांडपाणीसुद्धा. जो इसम पुढे म्हैसूरचा दिवाण व्हायचा होता, त्याने उमेदीची वर्षे गटारांचे उतार काढण्यात घालवली, याचे मला फार कौतुक वाटते. धरणावर नाव कोरले जाते. गटारावर कोण कोरणार?

खात्यातल्या वरच्या जागा इंग्रजांसाठीच राखलेल्या, तेव्हा त्यांनी लवकर निवृत्ती घेतली आणि परदेश पाहायला निघाले. त्याच सुमारास, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, हैदराबादेत मूसी नदीने हाहाकार उडवला. सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे सांगतात. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले आणि एप्रिल १९०९ मध्ये ते कामाला लागले.

आता तो आकडा. नदीला पूर का आला, याचे उत्तर त्यांनी शहरात शोधले नाही. ते वर गेले, पाणलोटात. तिथली गावतळी मोजली. ७८८ भरली, म्हणजे दर चौरस मैलामागे जवळपास एक. त्यांतली २२१ त्या पावसात फुटलेली होती. तळ्यांची असते माळ. वरचे फुटले की त्याचे पाणी खालच्याच्या छातीवर. चार लाख पंचवीस हजार घनफूट पाणी दर सेकंदाला लोटल्याचा हिशेब त्यांनी मांडला. त्या हिशेबावर दोन जलाशय सुचवले गेले. मूसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये. नदी आवरली तरी शहराखालची गटारे झाल्याशिवाय काम अर्धेच, हेही त्यांनी बजावले. त्यासाठी १९२२ आणि १९३० मध्ये हैदराबादने त्यांना पुन्हा बोलावले. दरम्यान १९१२ ते १९१५ या काळात लिओनार्ड मन या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली साऱ्या शहराची मोजणी होऊन मोठ्या प्रमाणावरचे नकाशे निघाले. ते नकाशे अभ्यासक आजही उघडून बसतात.

हैदराबादचे भिवंडीकरांना काय, असे कोणी विचारील. पण आमच्या पद्मानगरात तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची शेकडो घरे आहेत, आणि नदी आम्हालाही आहे. कामवारी. जोराच्या पावसात तीनबत्तीचा भाजीबाजार पाण्यात जातो, तेव्हा भाजीवाल्यांना ती आठवते. बँकेत असताना मालतारणाची तपासणी करायला मी यंत्रमागांच्या गल्ल्यांतून हिंडत असे. कर्ज ज्या कापडावर दिलेले, ते ग्रे कापड गुडघाभर पाण्यात भिजताना पाहिले आहे. कर्जदाराकडे प्रॉपर्टी कार्ड होते, सिटी सर्व्हेचा नकाशा होता, भिंतीची जाडीसुद्धा कागदावर होती. भिंतीखालून जाणारी पावसाळी वाहिनी कुठे सुरू होते आणि कुठे मिळते, एवढेच कुठल्या कागदावर नव्हते.

ते कागदावर आणायला आज विश्वेश्वरय्यांसारखे घोड्यावरून हिंडायला नको. प्रत्येक चेंबरला नंबर द्यायचा. उपग्रहाच्या यंत्राने त्याची जागा टिपायची. त्यासाठी खिशातला फोन पुरत नाही, तो काही मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि तेवढ्यात नळ रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला जातो. झाकणाची पातळी आणि आतल्या तळाची पातळी घ्यायची. मग या चेंबरपासून त्या चेंबरपर्यंतचा नळ, त्याचा व्यास, सिमेंटचा की दगडी, कधी टाकला, कधी साफ केला, हे सगळे त्या रेघेला जोडून संगणकात ठेवायचे. पैकी तळाची पातळी ही खरी मेख आहे. खातेवहीत कालची अखेरची शिल्लक आणि आजची आरंभीची शिल्लक जुळावी लागते, तसे इथे वरच्या चेंबरपासून खालच्यापर्यंत तळ उतरत जावा लागतो. मधेच कुठे तो चढला, तर नळ कितीही मोठा घाला, पाणी तुंबणारच. असली चूक रस्त्यावर उभे राहून दिसत नाही, तक्त्यात चटकन दिसते. शिवाय आमच्याकडे पावसाच्या गटारात मोऱ्यांचे पाणी येते, सायझिंग-डाइंगचे येते. कोणता नळ कोणत्या गटाराला जोडला आहे, हे लिहिलेले असेल तर नदीत काय आणि कोठून जाते ते कळेल.

मुंबईने याची किंमत मोजली आहे. तिथली जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी पंचवीस मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची, तीही ओहोटी असताना. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला. त्यानंतर माधवराव चितळे समितीला शहराच्या चढउतारांच्या नेमक्या नकाशांसाठी आग्रह धरावा लागला. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात तिथेच एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले.

नकाशा नसला की नळ शोधायला माणूसच खाली उतरवावा लागतो. २०१३ च्या कायद्याने गटारात असे जीव धोक्यात घालून उतरवायला बंदी आहे, तरी माणसे मरतात. गावातली गटारे ज्यांना तोंडपाठ असतात, ते जुने मुकादम आणि सफाई कामगार निवृत्त होतात, आणि शहराचा अर्धा दप्तरखाना त्यांच्या डोक्यातून गावी निघून जातो. अशा मंडळींना चार महिने मोजणीवाल्या पोरांबरोबर हिंडवले, तर ती माहिती पदरात पडेल. मला विचाराल तर नालेसफाईच्या निविदेआधी हे व्हावे.

असो. पुढचे विश्वेश्वरय्या सर्वांना ठाऊक आहेत. १९१२ ते १९१८ म्हैसूरची दिवाणगिरी, कावेरीवरचे कृष्णराजसागर, १९१६ चे म्हैसूर विद्यापीठ. १९१३ ची म्हैसूर बँक माझ्यासारखा बँकवाला कशी विसरेल? तिची पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली आणि २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली. १९५५ मध्ये भारतरत्न. १९६२ च्या एप्रिलमध्ये, शंभरी ओलांडून, ते गेले.

नव्वदीला टेकताना, १९५१ मध्ये, त्यांनी आपल्या कामाच्या आठवणींचे पुस्तक काढले होते. कादंबरीकाराच्या हावरेपणाने मी त्यात माणूस शोधला. घरसंसाराचे जवळजवळ काहीच सापडले नाही. मूसीच्या पाणलोटातली तळी मात्र चार दशकांनंतरही तिथे होती; त्यांतली फुटलेली किती होती, तेही होते.