पाच टनांचे गणित : एव्हरार्ड कॅलथ्रॉप आणि बार्शी लाइट

लातूरला ब्रॉडगेज गाडी धावू लागली ती २००७-०८ च्या सुमारास. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे या गावाचा कुर्डुवाडीशी आणि पर्यायाने मुंबई-पुण्याशी असलेला संबंध अडीच फूट रुंदीच्या रुळांवर अवलंबून होता. बार्शी लाइट हे त्या रेल्वेचे नाव. आज चाळिशी ओलांडलेल्या लातूरकरांना ती तिच्या संथ गतीमुळे आठवते आणि तिची थट्टाही पुष्कळ झाली. पण ज्या काळात ती आखली गेली, त्या काळी जगभरातील रेल्वे अभियंते तिच्याकडे नमुना म्हणून पाहत होते, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. तिचा कर्ता होता एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज.

कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ चा, इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातला. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या इंजिन कारखान्यात आणि पुढे क्रू येथील रेल्वेच्या कर्मशाळेत त्यांनी उमेदवारी केली. १८८२ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे आपल्या जीआयपी रेल्वेत इंजिनांचे निरीक्षक झाले. त्यांना अरबी घोड्यांचे वेड होते. घोड्याला मारझोड न करता शिकवावे कसे, यावर त्यांनी उतारवयात एक पुस्तकही लिहिले. इंजिनाकडेही ते काहीसे याच नजरेने पाहत असावेत. जनावराच्या पाठीवर किती ओझे लादायचे, याचा विचार आधी. ते किती धावेल, हे नंतर.

जीआयपीचा मुंबई-सोलापूर मार्ग बार्शीला बगल देऊन गेला होता. बार्शी ही कापसाची आणि तेलबियांची मोठी पेठ, निजामाच्या मुलखाचे जणू दार. पण तिथला माल बैलगाड्यांवर लादून एकवीस मैलांवरील बार्शी रोड स्थानकापर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, न्यावा लागे. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीची चाके रुतली की सारेच ठप्प. या टापूत रेल्वे हवी, हे सर्वांना मान्य होते. मात्र ब्रॉडगेजचा खर्च झेपेल इतकी वाहतूक येथे नव्हती. १८८७ च्या सुमारास कॅलथ्रॉप यांनी या मार्गाची पाहणी करून अडीच फुटी रेल्वेचा आग्रह धरला. सरकारला आणखी एक नवा गेज नको होता. लंडन आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये वर्षानुवर्षे कागद फिरत राहिले. दरम्यान कॅलथ्रॉप यांनी जीआयपीची नोकरी सोडली, ते मायदेशी परतले आणि सल्लागार अभियंता म्हणून काम करू लागले. पण बार्शीचा नाद त्यांनी सोडला नाही. अखेर १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली.

खरा प्रश्न पुढेच होता. इंजिन कोणते निवडायचे?

त्या काळच्या छोट्या रेल्वेगाड्यांची गत अशी असे की, ओढायला ताकद हवी म्हणून इंजिन जड घेत आणि त्याचा भार पेलण्यासाठी रूळही जाड टाकत. मागच्या हलक्या डब्यांना तेवढ्या जाड रुळांची गरज नसे. म्हणजे मैलोगणती लोखंडावरचा पैसा केवळ एका इंजिनाच्या पायी खर्च होई. उलट हलके इंजिन घेतले, तर ते चढावर दम टाकी. कॅलथ्रॉप यांनी हा तिढा उलट्या बाजूने सोडवला. आधी रूळ ठरवला : दर यार्डाला ३० पौंड वजनाचा, ब्रॉडगेजच्या रुळाच्या निम्म्याहूनही हलका. या रुळावर एका आसाचा भार पाच टनांहून अधिक पडता कामा नये, हा दंडक त्यांनी घातला आणि तो इंजिन, मालडबा, प्रवासी डबा अशा सगळ्यांना सारखाच लागू केला.

लीड्सच्या किट्सन कंपनीने या हिशेबाने इंजिने बांधली. चार आसांची आठ चाके एकमेकांना जोडलेली, आणि मागे दोन आसांचा चार चाकी ट्रक. सहा आसांवर मिळून सुमारे तीस टन वजन. पैकी वीस टनांच्या आसपास भार ओढणाऱ्या चाकांवर. कोळसा-पाण्याचा वेगळा डबा जोडण्याऐवजी टाक्या इंजिनावरच घेतल्या होत्या. त्यामुळे तेच वजन चाकांची पकड वाढवण्याच्या कामी आले आणि इंजिन दोन्ही दिशांनी धावू शकले. मात्र याचा तोटाही होता. टाकीतले पाणी संपत जाईल तशी पकड कमी होते आणि दुष्काळी मुलखात वाटेत पाणी भरण्याची सोय करणे सोपे नसते. तरीही भुसभुशीत काळ्या जमिनीवर, कमी खर्चाच्या भरावावर चालवायला याहून बरी निवड त्या वेळी होती, असे वाटत नाही.

मालडबेही वेगळे होते. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे, सर्व डब्यांची सारखी मापे आणि प्रत्येकाखाली चार आस. रिकाम्या डब्याचे वजन कमी, म्हणून माल अधिक. ही सामग्री जहाजावर चढण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग टाकून तिची परीक्षा घेण्यात आली. ती पाहायला अभियंत्यांबरोबर लष्करी अधिकारीही आले होते. जिथे रस्ता नाही तिथे तोफा आणि रसद नेण्यासाठी अशी रेल्वे त्यांना उपयोगाची वाटत होती.

१८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी आली. दुसऱ्या अंगाने १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची सोय झाली. पूर्वेकडे येडशीजवळचा बालाघाटचा चढ ओलांडून १९०७ मध्ये तडवळे, आणि १९११ मध्ये लातूर. येडशी ते तडवळे या सुमारे सात मैलांच्या कामाचे कंत्राट घेणाऱ्यांत एक तरुण सोलापूरकर होता. त्याचे नाव वालचंद हिराचंद. पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्या कारखान्यांपर्यंत गेलेल्या कारकिर्दीची ती पहिली पायरी. नांदेडला याआधीच, शतकाच्या आरंभी, निजामाच्या रेल्वेचा मीटरगेज मार्ग आला होता. एकाच मराठवाड्यातली ही दोन गावे दोन निरनिराळ्या मापांच्या रुळांनी जगाशी जोडली गेली, आणि याची किंमत पुढे कित्येक पिढ्यांनी मोजली. लातूरहून निघालेले प्रत्येक पोते कुर्डुवाडीला हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत चढे. कॅलथ्रॉप यांना ही अडचण ठाऊक होती. इंग्लंडमध्ये १९०४ मध्ये सुरू झालेल्या लीक-मॅनिफोल्ड या अडीच फुटी रेल्वेवर त्यांनी ब्रॉडगेजप्रमाणेच मोठ्या मापाचा आख्खा डबा उचलून नेणारे वाहक डबे वापरले. बार्शीला मात्र हमालीच चालली.

१९१० मध्ये त्यांचे मित्र आणि रोल्स-रॉइसचे एक संस्थापक चार्ल्स रोल्स विमान कोसळून मृत्युमुखी पडले. त्यानंतर कॅलथ्रॉप हवाई छत्रीच्या मागे लागले. गार्डियन एंजल या नावाची त्यांची छत्री पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी वापरली गेली. १९१७ मध्ये एका अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून तिच्या साहाय्याने उडी मारूनही दाखवली. तरी युद्ध चालू असताना ब्रिटिश वैमानिकांना सरसकट छत्री मिळाली नाही. वजन आणि जागा या सबबी होत्याच. छत्री हाती असली तर वैमानिक विमान लवकर सोडून देईल, अशी शंकाही वरिष्ठांच्या मनात होती. जीव वाचवणारे साधन तयार असताना माणसे जळत्या विमानांतून खाली आली. बार्शीच्या कागदपत्रांसाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या माणसालाही हे सोसणे जड गेले असणार.

३० मार्च १९२७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी बार्शी लाइट मिरजेला पोचली आणि मार्गाची लांबी दोनशे मैलांवर गेली. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानलेले असताना पाण्याची गाडी आली तीही मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी अशीच. रूळ मात्र आता ब्रॉडगेजचे होते. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे ५० टन पाणी. टाकीचे स्वतःचे वजन सोडले तरी दर आसावर साडेबारा टन. कॅलथ्रॉप यांच्या तीस पौंडी रुळाने यातली एकही टाकी पेलली नसती.